नवव्या ठोक्यानंतर

लंडन, ३ जुलै १९४०

ती. हेस्टरताईंस, विनीचा सा. न. वि. वि.

एव्हिसला उद्या सकाळच्या गाडीत बसवून देते आहे. कोटाला नावाची चिठ्ठी शिवली आहे, गळ्यात गॅसच्या मुखवट्याचं खोकं आहे आणि खिशात तुमच्यासाठी चहाची पुडी आहे. कार्नफर्थ स्टेशनवर थर्स्टनकाकांची घोडागाडी पाठवा, म्हणजे पोरीला बसची वाट बघत ताटकळायला नको. तिला प्रवासात मळमळतं. उतरल्याबरोबर काही खायला घालू नका, ती कितीही गयावया करू दे.

तुमच्या भावाची बातमी नाही. फ्रान्सच्या किनाऱ्यावरून त्याच्या पलटणीतले निम्मे लोक बोटींतून परत आले. त्यातल्या एकाला मी स्टेशनवर गाठलं. तो म्हणाला, लेनर्डला त्याने शेवटचं एका कालव्याच्या काठी पाहिलं, खांद्यावर जखमी माणूस घेतलेला. लष्कराच्या कागदावर ‘बेपत्ता’ असं आहे. बेपत्ता म्हणजे गेला नव्हे, हे मी रोज कुणाला ना कुणाला सांगते. एव्हिसला सांगितलंय की बाबाची वाट चुकली आहे आणि तो चालत घरी येतो आहे. तुम्हीही तेच सांगा, ताई.

आणखी एक. जन्मली तेव्हा ही त्या चिमुकल्या मासळीसारखी एवढीशी होती, म्हणून लेनने तिचं नाव मांदेली ठेवलं आणि आजवर दुसऱ्या नावाने तिला हाक मारली नाही. तुम्ही मात्र एव्हिसच म्हणा. मी परवा चुकून मांदेली म्हटलं तर रडून गोंधळ घातला, ते नाव बाबाचं आहे म्हणाली.

मी पॅराशूटच्या कारखान्यात शिवणावर आहे. दिवसभर पांढरं रेशीम आणि मुकादमबाईची बोलणी. मला लंडनची नाजूक सून म्हणून नावं ठेवलीत, आता माझ्या बोटांचे घट्टे बघायला या. पोरीला कोळंबी सोलायला बसवाल हे ठाऊक आहे. बसवा, पण तिची काळजी घ्या.

आहे तोच लोभ पोरीवर दुप्पट असू द्या.

तुमची,
विनी

*

स्केल्विक, १४ जुलै

चि. सौ. विनी हिस, हेस्टरचे अनेक आशीर्वाद.

पोरगी सुखरूप पोचली. मी तुझं ऐकून काही खायला दिलं नाही, तर हिने वाटेतच थर्स्टनचा पाव आणि चीज फस्त केलं आणि त्याच्याच बुटांवर ओकली. म्हातारा म्हणतो, चाळीस वर्षं खाडीची वाळू तुडवली पण असे बूट कधी भरले नव्हते. दोघांचं आता छान जमलंय. ओहोटी लागली की तो तिला गाडीवर बसवून तिसऱ्यांच्या शिंपल्या वेचायला नेतो आणि कुठली वाळू घट्ट, कुठली माणूस गिळणारी, हे शिकवतो. कोळंबी मी सोलायला लावलीच. लोणी रेशनवर गेल्यामुळे माझा लोण्यात मुरवलेल्या कोळंबीच्या बरण्यांचा धंदा बसला आहे, पण हात रिकामे बरे नाहीत.

इथलं सगळ्यात वाईट म्हणजे आमची चर्चची घंटा, मार्जरी, मुकी झाली. सरकारचा हुकूम आहे, शत्रू उतरला तरच चर्चची घंटा वाजवायची, एरवी हात लावायचा नाही. आमच्या बापाने ती रोज तिन्हीसांजेला वाजवली, मग लेनीने, आणि तो तुझ्या मागे लंडनला पळाल्यावर मी. वाळूवर धुकं उतरलं की माणसं तिच्या आवाजावर घरी येतात. तिच्या काठाला तडा आहे, प्रत्येक ठोक्याच्या शेवटी म्हातारीसारखी खोकते, त्यामुळे कुठेही ओळखू येते. संध्याकाळ झाली की माझे हात दोरी शोधतात.

पण लोकांना घरी बोलावणं हे तिचं अर्धंच काम. तू हसशील, तरी लिहिते. वाळूवरून जे बोलावतं, त्याचा आवाज ती बुडवते. आमची आई गेली ती ज्या संध्याकाळी बाप तापाने फणफणला होता आणि मार्जरी वाजली नाही, त्या संध्याकाळी. बांधावरच्या बायकांनी पाहिलं, आई पाठीमागे न बघता सरळ भरतीत चालत गेली, कुणाला तरी ‘आले, आले’ म्हणत. त्यानंतर बापाने एक संध्याकाळ चुकवली नाही.

घाबरू नकोस. पोरगी अंधार पडायच्या आत घरात असते. चहा पोचला, त्याची गरज नव्हती, पण आणखी पाठवलास तर परत करणार नाही.

माया असावी.

हेस्टर

*

लंडन, ४ ऑगस्ट

ती. हेस्टरताईंस, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र डब्याच्या सुट्टीत वाचलं आणि मैत्रिणींना वाचून दाखवलं, थर्स्टनकाकांच्या बुटांपर्यंत. पुढचं दाखवलं नाही. ताई, तुमच्या आईचं ऐकून वाईट वाटलं. लेन मला कधी याबद्दल बोलला नाही, फक्त समुद्रावर फिरायला जाऊ म्हटलं की काहीतरी कारण काढायचा. पण वाळू बोलते वगैरे पोरीसमोर काढू नका. तिला आधीच कपाटात जर्मन दिसतात.

मार्जरीचं दुःख मला कळतं, पण हुकूम हुकूम आहे. तुमची दोरीची सवय जात नसेल तर गाईच्या शेपटीला लटका.

लेनची काही बातमी नाही. रेड क्रॉसच्या कचेरीत जाऊन आले. तिथली बाई समजूतदार आहे, नावनिशी पुन्हा लिहून घेतली आणि कैद्यांच्या याद्या यायला वेळ लागतो म्हणाली. मी रात्री त्याचा स्वेटर पांघरून झोपते. हे तुम्हालाच सांगते आहे.

एव्हिसला चार ओळी लिहायला बसवा. लोभ आटू देऊ नका.

विनी

*

स्केल्विक, २६ ऑगस्ट

चि. सौ. विनी हिस अनेक आशीर्वाद.

शेपटीला लटकायचा सल्ला मिळाला. आमच्या आळीत एकच गाय आहे आणि तिचा स्वभाव तुझ्या मुकादमबाईसारखा आहे.

आता हसणं बाजूला ठेवून वाच. मी पोरीसमोर एक शब्द काढला नव्हता. मी रोज संध्याकाळी मागच्या दारातून तिला हाक मारते, ‘एव्हिस, घरी ये, चहा गार होतोय.’ ती बांधावर खेळत असते, धावत येते. गेल्या आठवड्यात मी हाक मारली तर ती हलली नाही, खाडीकडे तोंड करून उभी. जाऊन दंडाला धरलं तेव्हा म्हणाली, बाबा वाळूवरून बोलावतोय, आधी त्याच्याकडे जाऊन येते.

मी म्हटलं, वारा असेल. पण विनी, पुढच्या संध्याकाळी मी तिच्या शेजारी उभी राहिले आणि मलाही ऐकू आलं. आमच्या लेनीचा आवाज. बोलताना शेवटचा शब्द तो जरा ओढतो, तस्साच. ज्याला मी कडेवर घेऊन वाढवलं त्याचा आवाज मला कळणार नाही का? माझेही पाय दोन पावलं पुढे पडले. पोरीनेच माझा एप्रन धरला होता, म्हणून भानावर आले.

दारं खिडक्या लावून घेते, ग्रामोफोन मोठ्याने लावते. पण तू तिला सांगितलंस ना, बाबा चालत येतोय म्हणून. ती मला विचारते, चालत येतोय तर वाळूवरूनच येणार ना, जवळची वाट तीच आहे. मी काय उत्तर देऊ? जमलं तर तिला परत घेऊन जा. हे लिहिताना मला किती जड जातंय ते लिहीत नाही.

माया असावी.

हेस्टर

*

लंडन, ११ सप्टेंबर

ती. हेस्टरताईंस, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र हातात घेऊन मी शनिवारी तिकीट काढायला निघाले होते. त्याच दुपारी विमानं आली. तेव्हापासून रोज येतात. गोदीकडचं सगळं आकाश लाल असतं. आमच्या गल्लीच्या तोंडाची तीन घरं गेली, बेकरीवाल्याचं घर आणि तो स्वतःही. आम्ही भुयारी स्टेशनच्या फलाटावर झोपतो. इथे कुठे आणू तिला?

ताई, मी तुमच्यावर चिडले होते, ते लपवत नाही. मनात आलं, एकटीने राहून राहून यांचं डोकं फिरलं आणि माझ्या पोरीचंही फिरवतायत. मग परवा फलाटावर बसल्या बसल्या डोळा लागला आणि वाटलं, जिन्यावरून लेन हाक मारतोय. मी उठून चालायला लागले होते. शेजारच्या बाईने बसवलं. तेव्हापासून तुम्हाला वेडं म्हणायचा अधिकार मला उरला नाही.

इकडे बॉम्ब, तिकडे तुमची वाळू, पोरीला ठेवू कुठे? काहीतरी उपाय असेलच. थर्स्टनकाकांना विचारा, पाद्रीबाबांना विचारा. तिला दोरीने खाटेला बांधायला लागलं तरी बांधा, मी रागावणार नाही.

तिच्यावर नजर ठेवा, एवढंच मागते.

विनी

*

स्केल्विक, १९ सप्टेंबर

चि. विनी हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या जिवाची धास्ती लागली आहे. रोज रेडिओ ऐकते आणि पोरगी खोलीत आली की बंद करते.

थर्स्टनला विचारलं. तो म्हणतो, उपाय जुना आहे आणि तुलाही माहीत आहे, हेस्टर, उगाच मला बोलायला लावतेस. ते खरं आहे. आमच्याकडे माणूस गेला की चर्चमध्ये त्याचे ठोके पडतात. पुरुषाला नऊ, सावकाश, मग घंटा थांबते, मग त्याच्या वयाचे. ठोके पडले की माणूस सुटला, मागचेही सुटले. ज्यांचे पडले नाहीत, त्यांच्या आवाजात वाळू बोलावते. आईला बोलावलं ते आमच्या धाकट्या मामाच्या आवाजात. तो समुद्रावर गेला तो परत आला नव्हता आणि आजीने शेवटपर्यंत त्याचे ठोके पडू दिले नव्हते.

मार्जरीला बंदी आहे, पण नाताळात गाण्याबरोबर वाजवायच्या हातघंटांना नाही. त्यातल्या सगळ्यात मोठीवर लेनीचे ठोके मोजता येतील. पाद्रीबाबा मनापासून तयार नाहीत, पण पोरीला त्यांनी बांधावर पाहिलंय, म्हणून हो म्हणाले. मात्र बायको असेल तर तिच्या शब्दावाचून ठोके पडत नाहीत. हा आमचा नेम आहे. तो शब्द तुला द्यावा लागेल.

एक गोष्ट लपवून ठेवली तर मला झोप लागणार नाही. थर्स्टन असंही म्हणतो की माणूस जिवंत असताना त्याचे ठोके पडले, तर त्याची घरची वाट बंद होते. मग तो परत येत नाही. खरं खोटं त्याला माहीत नाही, मलाही नाही. पण कालव्याच्या काठी दिसल्याला आता साडेतीन महिने झाले, विनी. आणि काल पोरगी बूट घालून, केस विंचरून दारात उभी होती. तो माझा भाऊ आहे, मी त्याला न्हाऊ माखू घातलंय. तरी मी तुला विचारते आहे, यावरून काय ते समज.

हेस्टर

*

लंडन, २४ सप्टेंबर

ती. हेस्टरताईंस, सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राच्या मायन्यात ‘सौ.’ दिसलं नाही, तेव्हाच पुढे काय असणार ते कळलं.

दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. आधी ‘कदापि नाही’ असं लिहिलं आणि फाडलं. त्याचा स्वेटर अजून घरी आहे, त्याचा दाढीचा वस्तरा खिडकीत आहे. मी हो म्हटलं आणि तो कुठेतरी जिवंत असला, तर मीच त्याला मारलं. मी नाही म्हटलं आणि पोर वाळूत गेली, तर तिला मी मारलं. कारखान्यात शिवण चुकलं म्हणून मुकादमबाई ओरडली, मग माझ्याकडे बघून तिने स्वतः उसवून दिलं.

लेन इथे असता तर काय म्हणाला असता याचा विचार केला. तो म्हणाला असता, विनी, पोरीला धर, माझं मी बघतो. म्हणून माझा शब्द देते. वाजवा. येत्या शनिवारी वाजवा, मी इथे त्या वेळी त्याचा स्वेटर घेऊन बसेन. वय लिहायला हवं का? चौतीस, तुम्हाला माहीतच आहे.

पोरीला तुमच्या पद्धतीने सांगा. मला जमणार नाही.

विनी

*

स्केल्विक, मंगळवार

प्रिय आई,

तू कशी आहेस? मी बरी आहे. मला आता घट्ट वाळू ओळखता येते. थर्स्टन आजोबांचा घोडा माझ्या हातातून सफरचंद खातो. हेस्टर आत्या मला ओरडते पण रात्री दोनदा उठून पांघरूण घालते. ती समजते मी झोपलेली असते.

बाबा रोज हाक मारतो पण आत्या जाऊ देत नाही. आई, बाबा माझं नाव विसरला. तो मला एव्हिस म्हणतो. एव्हिस, घरी ये, चहा गार होतोय असं म्हणतो. मी म्हटलं आधी माझं खरं नाव सांग तर तो पुन्हा तेच म्हणाला. युद्धात माणसं विसरतात का? तो आला की मी त्याला आठवण करून देईन.

तुला पापा. मोज्याला भोक पडलं आहे.

एव्हिस

*

तार. लंडनहून हेस्टर गार्नेट, स्केल्विक. २८ सप्टेंबर

ठोके वाजवू नका. तो लेन नाही. पोरीला धरा. विनी

*

स्केल्विक, ३० सप्टेंबर

चि. विनी हिस अनेक आशीर्वाद.

पोरगी माझ्यासमोर लापशी खाते आहे. हे आधी वाच, मग बाकीचं.

शनिवारी संध्याकाळी आम्ही चर्चमध्ये जमलो, पाद्रीबाबा, थर्स्टन, मी आणि शेजारच्या दोघी. पोरीला शेजारणीच्या मुलीजवळ ठेवलं होतं. दुपारी मी तिला जवळ घेऊन म्हटलं होतं, आज बाबासाठी घंटा वाजणार आहे. त्यापुढचं सांगायला माझी जीभ वळली नाही. मूर्खपणा झाला. या गावात पोरांना घंटा म्हणजे एकच माहीत, वाळूवरच्या माणसांना घरी आणायची. तिला वाटलं, आज बाबा येणार. ती त्याला सामोरी गेली.

पाद्रीबाबांनी हातघंटा उचलली, तेवढ्यात पोस्टातली बाई धापा टाकत तुझी तार घेऊन आली. ‘तो लेन नाही’ एवढंच मला दिसलं. मी पाद्रीबाबांचा हात धरला, घंटेचा लोलकसुद्धा हलू दिला नाही. त्याच वेळी शेजारणीची मुलगी दारात रडत उभी राहिली. बांधाचं फाटक उघडं होतं. धुकं चर्चच्या भिंतीला लागलं होतं आणि भरती सुरू झाली होती.

थर्स्टन घोडा काढायला पळाला. मी मनोऱ्याचा जिना चढले. कुलूप लावलेलं होतं, ते मी दगडाने फोडलं. विनी, मी मार्जरीची दोरी धरली आणि अशी ओढली की माझे पाय जमिनीवरून सुटले. किती वेळ वाजवली माहीत नाही. मोजायचं भान नव्हतं. मनात एकच होतं, ये गं, ये, घरी ये.

थर्स्टनला ती निम्म्या वाटेत भेटली, कमरेइतक्या पाण्यातून, नाकासमोर घंटेच्या दिशेने चालत येताना. तिने सांगितलं ते असं. बाबा पुढे चालत होता, पाठमोरा. ती त्याला ‘मागे बघ’ म्हणत होती, तो बघत नव्हता. मार्जरी वाजली तसा तो थांबला, आणि मग तिथे कुणीच नव्हतं, नुसतं पाणी होतं. मग आजोबांनी शिकवलेली घट्ट वाळू शोधत ती आवाजामागे आली.

होमगार्डचे मेजरसाहेब पायजम्यावर पट्टा बांधून आले, त्यांच्यामागे अर्धं गाव कोयते आणि दंताळी घेऊन. शत्रू कुठाय, विचारलं. मी म्हटलं, दोन पॅराशूट उतरताना पाहिली. रंग कोणता, विचारलं. मी म्हटलं, हिरवा. मनोऱ्याची किल्ली आता त्यांच्याकडे आहे आणि पुढच्या मंगळवारी मला न्यायाधीशांपुढे उभं राहायचंय.

मला एवढं सांग, तुला कसं कळलं?

हेस्टर

*

लंडन, ७ ऑक्टोबर

ती. हेस्टरताईंस, विनीचा साष्टांग नमस्कार, खराखुरा, फलाटावर डोकं टेकून.

तुमचं पत्र मी उभ्याने वाचलं आणि मग खाली बसले. बसल्यावर पुन्हा वाचलं.

कसं कळलं ते एव्हिसनेच लिहिलं होतं. तिचं पत्र बॉम्बमुळे उशिरा आलं, शनिवारी दुपारी. तो आवाज तिला एव्हिस म्हणत होता. लेनच्या तोंडून ते नाव मी नामकरणानंतर ऐकलेलं नाही. आणि ‘चहा गार होतोय’ हे तुमचं वाक्य आहे, ताई, रोजचं. तुमच्या खाडीला जेवढं ऐकू जातं तेवढंच बोलता येतं. गळा कुणाचाही घेईल, पण मांदेली हे नाव स्केल्विकमध्ये कुणी मोठ्याने उच्चारलेलंच नव्हतं. तार करायला धावले तेव्हा मी पोस्टाच्या रांगेत दोन बायकांना ढकललं, एकीची टोपी पडली.

आता पॅराशूटचं. मी दिवसाला अकरा तास ती शिवते. रंग तरी आधी मला विचारायचा होतात. न्यायाधीशांना सांगा, म्हातारीला मोतीबिंदू आहे.

पण ताई, तो वाळूवर नव्हता, म्हणजे कुठे आहे? तो जिवंत आहे असं मला कळलं नाही, फक्त तो तिथे नाही एवढंच कळलं. मी शब्द दिला होता, हे विसरता येत नाही. तार वेळेवर पोचली नसती तर, हाच विचार दिवसभर डोक्यात फिरतो. आणि मार्जरी पुन्हा बंद आहे. पोरीचं काय करताय ते लगेच कळवा.

लोभ तर तुम्ही दोरीला लटकून दाखवलात, आणखी काय मागू?

विनी

*

कैद्यांची छावणी, जर्मनी, ६ ऑक्टोबर १९४०

प्रिय विनी,

हे दुसरं पत्र, पहिलं पोचलं नसेल तर. मी जिवंत आहे. पायाला लागलं होतं, भरलं. जेवण म्हणजे बटाट्याचं पाणी. आम्हाला नदीकाठच्या दलदलीत चर खणायला नेतात.

एक गोष्ट लिहितो, तपासणाऱ्याला वाटेल मी भ्रमिष्ट झालो. गेल्या महिन्यात संध्याकाळी चराच्या पलीकडून, तारांच्या बाहेरून, रोज आपल्या पोरीची हाक यायची. ‘बाबा, घरी ये, चहा गार होतोय.’ चराच्या बाहेर पाऊल टाकलं की पहारेकरी गोळी घालतो. एकाला घातली. पण थकलेल्या माणसाला तेवढं कळत नाही. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी फावडं टाकलं आणि एक पाय वर घेतला. पहारेकऱ्याने बंदूक उचललेली मला दिसत होती.

तेवढ्यात मार्जरी वाजली. हेस्टरताईला सांग, तो खोकला मी मेल्यावरसुद्धा ओळखेन. मी जागीच थांबलो आणि मोजायला लागलो, कारण मला वाटलं घरी माझेच ठोके पडतायत. सात, आठ, नऊ. नऊवर थांबली असती तर मी पुढे गेलो असतो, विनी. मग मागे फिरायला काही उरलं नसतं.

दहावा पडला. मग अकरावा. मग ती थांबेचना. मी चिखलात खाली बसलो आणि रडलो. पहारेकरी म्हातारा होता, त्याने बंदूक खाली केली.

माझ्या मांदेलीला पापा.

तुझा,
लेन

*

स्केल्विक, १९ जानेवारी १९४१

चि. सौ. विनी हिस, हेस्टरचे अनेक, अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली लेनीच्या पत्राची नक्कल पोचली. चष्मा दोनदा पुसावा लागला. थर्स्टनला वाचून दाखवली, तर तो घोड्याला दाणा घालायचं निमित्त करून बाहेर गेला आणि बराच वेळ आलाच नाही. मूळ पत्र जपून ठेव, आणि ते घेऊन इकडे ये. दोन दिवसांची सुट्टी दे म्हणावं तुझ्या मुकादमबाईला.

मार्जरी अजून बंद आहे. न्यायाधीशांनी मला म्हातारी समजून ताकीद देऊन सोडलं, याचा मला राग आहे. पण ऑक्टोबरपासून आमचा एक नेम झालाय. जिच्यावर लेनीचे ठोके पडायचे होते, ती हातघंटा पाद्रीबाबांनी आम्हाला दिली. रोज तिन्हीसांजेला आम्ही दोघी बांधावर जातो. मी वाजवते आणि पोरगी खाडीकडे तोंड करून मोजते. एवढीशी घंटा, तिचा आवाज लांब जात नाही. वाळूवर अजून कुणीतरी बोलतं, पण आता दुरून, आणि काय बोलतं ते कळत नाही.

लेनीच्या पत्राची नक्कल येण्याआधीची गोष्ट. डिसेंबरात थंडीने माझी बोटं वळत नव्हती, म्हणून एका संध्याकाळी मी लवकर थांबले. पोरीने वळून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, आत्या, नऊच झाले. मी म्हटलं, पुरे आज, हात गारठले. तर तिने माझ्या हातातून घंटा घेतली आणि दोन्ही हातांनी दहावा ठोका स्वतः दिला.

माया असावी, आणि लवकर यावं.

हेस्टर